हळू, आत मूल आहे

माझं शिवणाचं मशीन दिवसातून कितीदा थांबतं हे मी मोजत नाही, मोजलं तर वेड लागेल. बिघडत नाही हो, मशीन ठणठणीत आहे. भिंतीवर पलीकडून टकटक होते आणि मला पाय उचलावा लागतो. भिंतीपलीकडे माझी ताई पियानोसमोर बसलेली असते, आणि टकटक म्हणजे: थांब, आत मूल आहे. मग गिऱ्हाईक डोक्यावर उभं असो, पँटचा एक पाय दुमडून झालेला आणि दुसरा लोंबत असो, मशीन थांबलंच पाहिजे. सुरुवातीला मी कडाकडा भांडायचे. आता सुई वर करते आणि गुपचूप हातानं बटणं लावत बसते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरची खोली माझी. तिथे मशीन, कापायचं टेबल, कपडे टांगायची लांब दांडी, आणि जिकडे बघावं तिकडे दोऱ्यांचे तुकडे. आतली खोली ताईची. तिथे पियानो, एक स्टूल, एक सतरंजी, खिडकीला जाड पडदा, बस. पियानो वर आणताना हमालांचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यातला एक घाम पुसत ताईला म्हणाला, "बाई, आता घर बदलायचं नाव काढू नका." ताईनं ते इतकं मनावर घेतलं की ती नुसती घरातच नाही, त्या खोलीतच रुतून बसली.

ती शिकवते अगदी लहान मुलांना, आणि त्यातही जी कुठे टिकत नाहीत त्यांना. लाजरी, बुजरी, आईच्या मांडीला गोचिडासारखी चिकटलेली, नाव विचारलं की कुशीत तोंड खुपसणारी. दुसरे शिक्षक "थोडं मोठं झालं की आणा" म्हणून ज्यांना परत पाठवतात ती सगळी वरात आमचा जिना चढते. मी प्रत्येकाला टोपणनाव देते. एक होता खांब, कारण तो आल्यापासून जाईपर्यंत दारात खांबासारखा उभा राहायचा. एक होती चिकटपट्टी. तिला आईपासून सोडवायला मी आणि तिची मावशी, दोघी लागायचो.

ताईची शिकवायची तऱ्हाच वेगळी. ती मुलाकडे बघत नाही. मूल आत आलं की ती त्याच्याकडे पाठ करून बसते आणि एक छोटंसं गाणं वाजवते, तिचं तिनंच बसवलेलं. ते गाणं इकडेतिकडे हुंदडून शेवटी जिथून निघालं तिथेच परत येतं. त्या शेवटच्या सुराला ती "घरचा सूर" म्हणते. पण तो सूर ती वाजवतच नाही. गाणं दारापर्यंत आणते आणि हात मांडीवर ठेवून बसते. मग टकटक, माझं मशीन बंद, आणि दोन्ही खोल्यांत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ती वाट बघते. मग पुन्हा तेच गाणं, पुन्हा तिथेच थांबणं, पुन्हा वाट.

आज ना उद्या पोराला ते अर्धवट गाणं सहन होत नाही. ते सतरंजीवरून उठतं, ताईच्या पाठीमागून येतं आणि एक बोट त्या पट्टीवर टेकवतं. टिंग! ताई तेव्हाही वळत नाही. नुसतं "हं" म्हणते आणि गाणं पुन्हा सुरू करते. असं करत करत पोर कधी तिच्या शेजारी स्टुलावर चढून बसतं, त्याचं त्यालाही कळत नाही. खांब तर आता इतकी बडबड करतो की त्याच्या आईनं एकदा मला विचारलं, याला पुन्हा थोडं बुजरं करता येईल का.

"हाक मारली की लाजरं मूल आत पळतं," ताई म्हणते. "त्याचं त्याला यावंसं वाटलं पाहिजे."

खोटं कशाला बोलू, पद्धत जबरदस्त आहे. फक्त आमच्या घरात एक मूल असं होतं की त्याला ती लागू पडत नव्हती. आणि ते मूल ताईचं स्वतःचं होतं.

माझी भाची. मी तिला भोंगा म्हणते. जन्मल्या जन्मल्या तिनं असं काही रडून दाखवलं की नर्स म्हणाली, ही तर कारखान्याची पाळी सुटल्यासारखी वाजते. बोलायला लागली ती थांबलीच नाही. तिचे वडील ती रांगत असतानाच गेले, मग मी माझं मशीन घेऊन इथे राहायला आले, आणि घरात आम्ही तिघी. शाळा सुटली की तिचा आवाज तिच्या आधी जिना चढायचा. "आई! आई गं! आज काय झालं माहितेय?" आणि मी दारात ओठांवर बोट ठेवून उभी. हळू, आत मूल आहे.

तिचं अर्धं लहानपण कुजबुजण्यात गेलं. दप्तर घेऊन ती माझ्या टेबलाखाली शिरायची आणि शाळेत कोण पडलं, कोणाला मार बसला, सगळं माझ्या गुडघ्यांना सांगायची. शिकवणी संपून ताई बाहेर येईपर्यंत गोष्ट शिळी झालेली असायची. एकदा तिनं टेबलाखालून मान वर काढून विचारलं, "मावशी, मी कधी आतलं मूल होणार?" मी तिला बटणांचा डबा दिला आणि रंगाप्रमाणे वेगळी कर म्हटलं.

ताईचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी त्याची जीभ कात्रीनं कापीन. पोरीचे सगळे फ्रॉक मी शिवले, पण त्यांचं कापड ताईनं निवडलेलं. पोरीला ताप आला की ताई आठवडाभर पियानोचं झाकण उघडायची नाही. पण तोंडानं बोलून दाखवणं, जवळ ओढणं, हट्ट करणं, हे तिच्या हाडातच नाही. लहानपणी ती स्वतःच पडद्यामागे लपणारं मूल होती, मला विचारा. पाहुणे जाईपर्यंत बाहेर यायची नाही आणि ओढून आणलं की रडून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून तिला वाटतं, सगळी मुलं आपल्यासारखीच.

भोंगा मोठी झाली. दूरच्या शहरात नोकरी लागली, पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत, फोनवर लोकांशी बोलायचं काम. तिच्यासाठीच बनवलेली नोकरी म्हणायची. निघायच्या दिवशी बॅग माझ्या टेबलाजवळ ठेवून ती आतल्या खोलीच्या दारात गेली. शिकवणी नव्हती, आत ताई एकटीच होती.

"आई, जाऊ ना मी?"

ज्याला कान आहेत त्याला कळेल की पोरीला "नको जाऊस" ऐकायचं होतं. गेली असतीच ती, नोकरी सोडणार थोडीच होती! पण एकदा कुणीतरी तिचा हात धरून ठेवायला हवा होता. ताईनं काय केलं? पियानोकडे वळली, पाठ करून बसली, आणि वाजवायला लागली. तेच गाणं. तिचे खांदे बघून मला कळलं की बाई रडतेय. पोरीला काय दिसलं? पाठ.

"बघ मावशी," ती म्हणाली, "वळूनसुद्धा बघत नाही."

बॅग उचलली आणि जिना उतरली. दार आपटलं नाही. भोंगा आणि दार न आपटता जाते!

त्याला आता बरीच वर्षं झाली. भोंगा मला फोन करते, नोकरीच्या गमती सांगते, खिदळते, आणि शेवटी आवाज खाली आणून विचारते, "ती काही म्हणाली?" मी म्हणते, "अगं तूच विचार ना." तर म्हणते, "तिनं बोलावलं की येईन." ताईला सांगावं तर ती म्हणते, "तिला यावंसं वाटेल तेव्हा ती येईल. मी बोलावलं तर मन मारून येईल." तिचं हिला, हिचं तिला, सगळं पोचवून झालं. पण मावशीच्या तोंडून आलेली हाक म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कोट, कुणाच्या अंगाला बसणार? दोघींच्या मध्ये माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

आणि ताई वाट बघत राहिली. दाराजवळच्या खुंट्यांपैकी एकीवर ती मला काही टांगू देत नाही. जिन्यात पावलं वाजली की तिची बोटं पट्ट्यांवर थबकतात. आतलं मूलसुद्धा बिचकून बघतं, बाईंना काय झालं. पावलं दुसऱ्या मजल्यावरच थांबतात, कुणाचं तरी दार उघडतं, आणि ताई पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

एकदा मी दोरे आणायला गेले होते, ती लवकर परत आले. बघते तर ताई माझ्या खुर्चीवर बसलेली, फोन कानाला, डोळे मिटलेले. मला बघून तिनं चटकन फोन बंद केला. "कुणाचा?" "चुकीचा लागला." बरं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग मात्र मी पाळत ठेवली. आपल्याला काय, शिवता शिवता सगळं दिसतं. ही बाई फोन लावते, कानाला धरते, एक अक्षर बोलत नाही, आणि मग एकदम घाबरून ठेवून देते. नंबर बघितला तर त्या पार्सलवाल्या कंपनीचा.

"कुठलं पार्सल हरवलंय गं तुझं?" मी सरळ विचारलं.

तिनं नंबर पुन्हा लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थोडं थांबा, आम्ही आपल्याशी लवकरच बोलू." आमचा भोंगा! कंपनीनं तिचा आवाज भरून ठेवला होता, वाट बघणाऱ्यांना ऐकवायला. थोडं संगीत वाजलं, आणि पुन्हा ती. कृपया थोडं थांबा.

"कुणी उचललं की मी ठेवते," ताई म्हणाली.

सगळी दुनिया फोनवर थांबावं लागलं की शिव्या घालते, आणि माझी ताई लवकर उचलतील म्हणून घाबरते! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, खरीखुरी पोर आहे ना, तिचा नंबर आहे माझ्याकडे! हे यंत्र बोलतंय, ताई!"

तिनं फोन परत स्वतःच्या कानाला लावला. "किती मोठ्यानं बोलते बघ," ती म्हणाली. "तिथे तिला कुणी गप्प करत नसेल."

मी मशीन चालवायला घेतलं, पण टीप वाकडी गेली आणि सगळं उसवावं लागलं.

अशातच आमच्याकडे गोगलगाय आली. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारे आजोबा आहेत, त्यांची नात. आईवडील दोघंही कामावर, म्हणून आजोबाच तिला बोटाला धरून आणायचे. एवढीशी पोर, केस कपाळावर, हात कायम मागे बांधलेले. कुणी बघितलं की ती अंग चोरून अर्धी व्हायची. पहिल्यांदा आली तेव्हा आतल्या दाराच्या चौकटीत अडकली. मग कधीतरी सतरंजीच्या काठावर बसली, मग पडद्याशी. ताई पाठ करून वाजवायची, घराच्या दारापर्यंत गाणं आणायची, थांबायची. टकटक, माझं मशीन बंद. पण टिंग काही होईना.

आली तेव्हा पोरीच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. तो गेला, बिनबाह्यांचा फ्रॉक आला, त्या फ्रॉकचा घेर मीच एकदा खाली सोडून दिला, तरी तिचं बोट काही पट्टीला लागलं नाही. खांबानंसुद्धा इतका वेळ घेतला नव्हता. आजोबा माझ्यासमोर बसून सुस्कारे सोडायचे. "मी गावभरची कुलपं उघडतो," म्हणायचे, "आणि माझ्या घरातलंच उघडेना." मी आत जाऊन ताईला म्हटलं, एकदा तिच्याशी बोलून तर बघ. ताईनं मान हलवली. "घाई केली तर कायमची मिटेल." तिचा त्या शांततेवर इतका विश्वास की समोर देव आला असता तरी तिनं त्याला सतरंजीवर बसवून ठेवलं असतं.

त्या दिवशी मी आजोबांनाच टाचण्यांची डबी आणायला खाली पिटाळलं होतं. आत गाणं झालं, थांबलं. टकटक. मी पाय उचलला. हातात एका कोटाचं बटण होतं, ते लावायला लागले. इतक्यात दांडीवरचे कपडे हलले. बघते तर गोगलगाय! आतून हळूच सटकून बाहेर आलेली, आणि कुणाच्या तरी लांब झग्याखाली उकिडवी बसून माझ्या बटणांच्या डब्याकडे टक लावून बघत होती.

मी काही ताईसारखी नाही. मला वाट बघता येत नाही. मी डबा तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "काय गं, ती एक पट्टी का नाही दाबत? बोट झिजतं का?"

वाटलं, पळणार. पण ती एक निळं बटण उचलून बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, घोगरा, मोठ्या बाईसारखा.

"बाईंना मी आवडत नाही."

"काहीतरीच! कोण म्हणालं?"

"त्या माझ्याकडे बघतच नाहीत."

मी सुई खाली ठेवली.

"मला येतं ते," ती म्हणाली. "घरी टेबलावर मी सगळं वाजवते. शेवटचं पण."

"मग इथे का नाही वाजवत?"

"त्यांनी ये म्हटलंच नाही," गोगलगाय म्हणाली, आणि बटण डब्यात परत टाकलं.

मशीन बंद होतं ना. घरात ती शांतता होती, ताईनंच मागून घेतलेली. पोरीचा शब्द न् शब्द भिंतीपलीकडे गेला होता. मी भिंतीकडे बघितलं. पलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

ताई दारात आली. एखाद्या मुलासमोर, शिकवणी चालू असताना, तोंड करून उभी राहिलेली ताई मी कधी बघितली नव्हती. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ती खाली बसली, फरशीवरच, दोऱ्यांच्या कचऱ्यात, आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"ये," ती म्हणाली. "माझ्याजवळ ये गं बाळा. मला तू हवी आहेस."

मला वाटलं, झालं, आता ही कायमची मिटली. आणि गोगलगाय अक्षरशः धावली! दांडीवरचे कपडे पाडून धावली. ताईनं तिला उचलून आत नेलं, मांडीवर घेतलं, आणि मग टिंग नाही, टिंग टिंग टिंग टिंग, आजोबा टाचण्या घेऊन वर येईपर्यंत ती पोर तो एकच सूर बडवत होती. आजोबा दारात उभे राहिले. "माझीच का ही?" म्हणाले, आणि तिथेच डोळे पुसायला लागले.

ते दोघं गेल्यावर ताई बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. केस विस्कटलेले, साडीला दोरे चिकटलेले.

"फोन दे."

"पार्सलवाल्यांना?"

"तिला लाव," ताई म्हणाली. "तिच्या नंबरवर."

नंबर मला तोंडपाठ, पण बोट दोनदा चुकलं. मी ताईला समोर बसवलं आणि स्पीकर सुरू करून फोन कापायच्या टेबलावर ठेवला. तीन वेळा वाजला आणि तिकडून खणखणीत आवाज आला, "हां मावशी, बोल!"

ताई पुढे झुकून फोनकडे बघत राहिली.

"मावशी? अगं, ऐकू येतंय का?"

ताई मांडीवर हात ठेवून गप्प. ती शांतता मी जन्मभर ओळखते. बाई वाट बघत होती! आत्तासुद्धा! पोरीचं पोरीला कळेल म्हणून! मी कात्रीची मूठ तिच्या दंडाला टोचली. "बोल की गं!"

"मी आई," ताई म्हणाली.

आता तिकडून आवाज बंद. भोंगा आणि गप्प! मागे ऑफिसातले फोन वाजत होते तेवढेच ऐकू येत होते.

"घरी ये," ताई म्हणाली. "तुला वाटलं तर, असं नाही म्हणत मी. मला हवी आहेस म्हणून ये. त्या दिवशी मला म्हणायचं होतं, नको जाऊस. मला वाटलं मी वळले तर तू माझ्यासाठी थांबशील. म्हणून नाही वळले. रोज तुझी वाट बघते गं मी. रोज."

तिकडे खुर्ची सरकली. ऑफिसातला गलका मागे पडला, कुठलंतरी दार लागलं. ती कुठेतरी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली असावी. आणि मग आवाज आला, अगदी हलका, माझ्या टेबलाखालून यायचा तसा, कुजबुजत.

"आई, आत मूल आहे का?"

ताईनं मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं. सतरंजी रिकामी होती.

"नाही गं," ती म्हणाली. "कुणी नाही. मोठ्यानं बोल."

आणि मग आमचा भोंगा असा काही वाजला की काय सांगू. "आई! आई गं! तुला किती सांगायचंय माहितेय?" रडत होती, हसत होती, एकातून दुसरं, मधेच शाळेतली कुठलीतरी जुनी गोष्ट सांगायला लागली. ताई फोनवर ओणवी होऊन "हं, मग?" म्हणत होती, "मग गं?" आणि तिचं नाक, डोळे सगळं वाहत होतं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. टकटक. ताईनं लक्षच दिलं नाही. मी मशीनवर पाय ठेवला आणि अर्धी राहिलेली पँट दणदणीत आवाज करत शिवून काढली.